पाठमोरी साक्ष

खालापूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चिरंजीव झुहेब यास,

सलाम आणि मनापासून दुवा. तुझी अम्मी मागच्या पडवीत भाकऱ्या बांधत बसली आहे. तुझा जमालचाचा त्या टेंपोतून तुझ्याकडे शेलूला घेऊन येणार आहे, आणि त्याच पिशवीत हे पत्र ठेवावे असे ठरले आहे. फोन मी लावत नाही. लावला तर तू उचलशील किंवा न उचलशील. न उचललेल्या फोनची रिंग ऐकत बसण्याइतके धैर्य या वयात माझ्यापाशी नाही. तुला घरी मराठी अक्षरे मीच गिरवायला दिली होती, तेव्हा हे अक्षर तरी तुला परके वाटणार नाही.

शिबिरात मी जे बोललो त्यामुळे तू बायको-लेकीला, लुबना आणि इल्माला, घेऊन घर सोडलेस, असे गावात सर्वजण म्हणतात. तू स्वतः तसे म्हणाला नाहीस. लुबनाच्या भावाची खोली रिकामी आहे, इमारतीला लिफ्ट आहे, स्थानक जवळ आहे, एवढेच तू सांगितलेस. ही सारी कारणे खरी असतील. तरीही त्या दिवशी काय घडले ते मी क्रमाने मांडतो. कारण तुझ्या मनात ते निराळ्या रीतीने नोंदले गेले असावे.

रसायनीच्या कारखान्यात पिंप घसरून तुझ्या डाव्या पायावर आले, त्याला आता दोन वर्षे होतील. गुडघा वाकत नाही, पाऊल वर उचलले जात नाही. ठेकेदाराने इस्पितळातून घरी सोडेपर्यंत विचारपूस केली आणि पुढे तुला ओळखले नाही. म्हणून अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आपण शिबिरात गेलो. चाळीस टक्के लागले तर निराधार योजनेचे अनुदान सुरू होणार होते आणि मोबाईल दुरुस्तीच्या टपरीसाठी स्थानकाबाहेर जागा मागता येणार होती. चाळीसच्या आत राहिले तर काहीच नाही. एकोणचाळीस टक्के मोडलेल्या पायाला शासनदरबारी धडधाकट म्हणतात, हे मलाही त्याच दिवशी कळले.

मांडवात आपल्या शेजारी खालच्या आळीतल्या इंदूबाई होत्या, भाताच्या मळणी यंत्रात हात गेलेल्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मास्तर, पोराला सांगा, जरा पाय वढून चाल. गेल्या खेपेला मी पदर खोचून ताठ गेली, न् बत्तीस घेऊन घरी आली. शाळंत तुमी पस्तिसाला पास करायचात ना? हितं चाळीस लागतात. आन् जितका नापास तितका पास.”

मांडव हसला, तूही हसलास. मी तुला बाजूला घेऊन बजावले की जेवढे आहे तेवढेच दाखवायचे, त्यात भर घालायची नाही. तू म्हणालास, “भर कशाला घालू अब्बा? मला तर कमी दाखवायची सवय आहे.” या वाक्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

आत डॉक्टरांनी तुला चालायला लावले, पायरी चढायला लावले, कोनमापकाने गुडघा मोजला. उभे राहणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, प्रत्येक कृतीला गुण ठरलेले होते. त्यांनी विचारले, “उभं किती वेळ राहता येतं?” तू म्हणालास, “थोडा वेळ. काहीतरी धरून.” त्यांनी लेखणी न उचलता विचारले, “घरचं कोण आलंय?”

मी पुढे झालो आणि म्हणालो, “मी वडील. हा पाचही वेळा जमातीत उभा असतो, माझ्याच मागे.”

“म्हणजे नमाजात? त्यात उठणं-बसणं, गुडघे टेकणं सगळं आलं.”

“होय,” मी म्हणालो.

दाखल्यावर अडतीस आले. परतताना टेंपो चौकाच्या फाट्याला लागला. मग तू मला एकच विचारलेस, “अब्बा, मी उभा असताना तुम्ही मला कधी बघितलंय?” हा प्रश्न मला उद्धट वाटला. आजही वाटतो. पाच वेळा ज्याच्यापुढे मी उभा राहतो, त्याला मी पाहिले नाही असे म्हणायचे का?

शाळेत मी मास्तर होतो, मशिदीचा इमाम आहे. साक्षीचे नियम मी लोकांना शिकवतो. विचारले गेले असता जाणणाऱ्याने मौन धरणे हेसुद्धा पाप आहे, आणि मी जे जाणत होतो ते बोललो. सत्याबद्दल क्षमा कशी मागावी, ते मला माझ्या कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही.

तुझी अम्मी दारातून ओरडते आहे, “आवो, पत्रात भांडण लिवू नका. माझ्या भाकऱ्यांना वास लागंल.” म्हणून थांबतो.

तुझा वडील,
मुनव्वर


खालापूर
शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रिय झुहेब,

जमाल सांगतो की तू पत्र वाचलेस. “वाचलं, घडी घातली न् इल्माच्या दप्तराखाली ठेवलं. बोलला कायच नाय,” एवढाच त्याचा अहवाल. “मला पोष्टमन केलात भाई, पन उत्तराचा भत्ता कोनी देईना,” असेही तो म्हणाला. मागच्या पत्रात मी विचारले होते की सत्याबद्दल क्षमा कशी मागावी. आज त्या पत्राची मला लाज वाटते आहे.

या आठवड्यात मशिदीला चुना लावण्याचे काम निघाले. दुपारच्या नमाजानंतर मी भिंती पाहत फिरत होतो. शेवटच्या सफेच्या रांगेत, दाराच्या उजव्या हाताला जो खांब आहे, त्यावर पुरुषभर उंचीच्या थोडे खाली चुन्याचा एक पट्टा पार निघून गेलेला दिसला. खालचा दगड गुळगुळीत, तेलकट झालेला. मी रंगाऱ्याला म्हटले की हा भाग आधी खरवडून घ्या, ओल आली आहे. जमाल जवळच शिडी धरून उभा होता.

तो म्हणाला, “ओल नाय ती भाई. पाठ हाय.”

“कोणाची पाठ?”

“ज्याची तुमी साक्ष दिलीत त्याची.”

झुहेब, त्यानंतर त्याने जे सांगितले ते तुला ठाऊक आहे. पण मला ते ठाऊक झाले आहे, हे तुला कळले पाहिजे. मी सफा सरळ करायला वळतो तेव्हा तू खांबापासून सुटा होऊन ताठ उभा राहायचास. मी तुमच्याकडे पाठ फिरवून, किब्ल्याकडे तोंड करून हात बांधले की तुझी पाठ खांबाला लागायची. रुकूत वाकताना तू जमालच्या खांद्यावर भार टाकायचास. कपाळ टेकायला, सजद्याला तू जातच नव्हतास; पाय लांब सोडून, एका हातावर तोलून, मान तेवढी झुकवायचास, आणि नमाज संपवणारा माझा सलाम फिरण्याआधी जमाल तुला बगलेत हात घालून पुन्हा बसता करायचा. घरी जाण्यापूर्वी तुम्ही दोघे वजूच्या, हातपाय धुण्याच्या हौदापाशी थांबायचात. मला वाटायचे, चुलते-पुतणे गप्पा मारतात. पायाची कळ ओसरण्याची वाट पाहत होतात.

“मला का सांगितले नाहीस?” मी त्याला विचारले.

“त्यानंच शपथ घातली व्हती. म्हनायचा, अब्बांना कळलं तर म्हनतील खुर्ची घे, न् खुर्ची घेतली तर लोक म्हनतील, इमामाच्या पोराला येक कायदा न् आमाला दुसरा.”

तो खुर्चीचा उल्लेख माझ्या वर्मी लागला. तू इस्पितळातून आलास त्याच वर्षी दोन वयस्क माणसांनी मशिदीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मी जुम्याच्या, शुक्रवारच्या प्रवचनात म्हणालो, जो आपल्या पायांनी चालत इथवर येतो त्याने खुर्ची मागण्यापूर्वी स्वतःच्या मनाला जाब विचारावा. पुढच्या जुम्याला खुर्च्या नव्हत्या. त्यांतला एक माणूसही नव्हता. मला त्यात माझ्या शब्दाचा प्रभाव दिसला होता.

वास्तविक शास्त्रकारांनी आजारी माणसासाठी केवढी दारे उघडी ठेवली आहेत. उभे राहवत नसेल त्याने बसावे, बसवत नसेल त्याने कुशीवर व्हावे, तेही जमत नसेल त्याने पापण्यांनी इशारा करावा. उभे राहण्याने चित्त वेदनेकडेच लागत असेल, तर बसून पढायला आमच्या मजहबात तेवढा त्रासही पुरेसा मानतात. हा पाठ मी कितीदा दिला असेन. पण तो देताना माझा सारा भर ‘सवलतीचा गैरफायदा कोण घेतो’ यावर असायचा. कोण पात्र नाही हे शोधण्यात मी तरबेज झालो होतो.

आणि साक्षीचे म्हणशील तर तिचा पहिलाच नियम असा की साक्षीदाराने स्वतः पाहिलेले असावे. मी पुढे असतो. माझ्या मागे काय घडते ते मला कधीच दिसत नाही. तशी जागाच आहे ती. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मी दिली, आणि ती देताना माझ्या त्या ‘होय’मध्ये अभिमान होता. माझा मुलगा मोडल्या पायानेही उभा राहतो, हे त्या डॉक्टरांना ऐकवायचे होते मला. मागच्या पत्रात हे लिहायचे मी टाळले.

रंगाऱ्याला मी तो खांब तसाच ठेवायला सांगितला आहे.

आपल्या धर्मशास्त्रात साक्षीदाराला साक्ष मागे घेता येते. ती मी घेणार आहे.

मुनव्वर


खालापूर
शुक्रवार, २ जानेवारी

प्रिय झुहेब,

साक्ष मागे घेण्यासाठी मी दाखले देणाऱ्या कचेरीत गेलो होतो. काय झाले ते वाचून तुला बहुधा हसू येईल, आणि यावेळी मलाही हसायला हरकत नाही.

खिडकीवर समिधा नावाची एक मुलगी होती, इल्माच्या शाळेतल्या बाईंच्या वयाची असेल. मी तिला सर्व हकीकत पहिल्यापासून सांगितली. इमाम पुढे असतो आणि सफा मागे, हेही समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, दिव्यांग तुम्ही आहात का?”

“नाही. मी साक्षीदार.”

“साक्षीदाराचा कॉलम नाही आमच्याकडे.”

“पण माझ्या बोलण्यावरून गुण कमी झाले.”

“डॉक्टरांनी तपासून दिलेत. तुमच्या बोलण्यावरून दिले असं कुठे लिहिलंय? लिहिलं नसेल तर ते खोडणार कसं?”

या युक्तिवादात मला दोष काढता आला नाही. मी स्वतः कैकदा असेच बोललो आहे. मी तिला म्हटले, “बाळ, मग मी काय करू?” तेव्हा ती जरा मऊ झाली. फेरतपासणी मिळते, पण अर्ज स्वतः ज्याचा पाय त्याने करायचा. तो संगणकावर भरायचा, तुझ्या मोबाईलवर आकडा येणार, तो आकडा टाकल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. अर्जाला मुदत आहे आणि ती संपत आली आहे. “त्यांना घेऊन या,” ती म्हणाली. मी म्हटले, “तो माझ्याबरोबर येईल असे वाटत नाही.” तिने माझ्याकडे पाहिले आणि मागच्या माणसाला पुढे बोलावले.

बाहेर इंदूबाई भेटल्या. तिसऱ्यांदा आल्या होत्या. “काय मास्तर, तुमचं काय तुटलं?” त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, “माझा हात मशीनमदी गेला तवा धन्यानं सांगितलं, बाय धडधाकट हाय, दोन दिवसांत कामाला येईल. त्यो काय वाईट मानूस नव्हता. त्याला तशी बाय पायजे व्हती.”

दुसरी अडचण अक्षयने सांगितली. सेतू केंद्रातला अक्षय, चौथीत माझ्या वर्गात होता, तुला आठवत असेल. टक्के पुरेसे मिळाले तरी उत्पन्नाचा दाखला लागणार. “गुरुजी, झुहेबभाईचं नाव तुमच्या रेशनकार्डावर हाय तवर तुमची पेन्शन त्याच्या उत्पन्नात धरतात. पेन्शनवाल्याच्या घरात निराधार कसा असंल?”

“तो माझ्याकडून एक रुपया घेत नाही, अक्षय.”

“ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. कंप्युटरला कोन सांगनार?”

“मग उपाय?”

त्याने मान खाली घातली. “तुमी अर्ज द्यायचा, का ह्यो वेगळा राहतो, नाव कमी करा. त्याचं तिकडं कर्जत तालुक्यात वेगळं कार्ड निघंल. पन तुमी सही करनार नाय म्हनून मी आजवर बोललो नाय. खोटं लिवायचं नाय, ही तुमचीच शिकवन.”

मी त्याला म्हटले की ते खोटे राहिलेले नाही. आमचा मुलगा खरोखरच वेगळा राहतो.

घरी येऊन मी हे तुझ्या अम्मीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. “म्हंजी पोरगा घरात असता, तर त्याला मदत नाय. घरातनं गेला, तर मदत,” ती म्हणाली. “हा कायदा करनाराला मुलं नसतील.” मग थोड्या वेळाने, सूप खाली न ठेवताच, “आन् तुमी बी तसंच केलंत की. आदी घालवलात, आता मदत करताय.”

झुहेब, अर्ज तू करावास, ही माझी विनंती आहे. माझ्यासाठी नको करू. मी बरोबर येणार नाही. जमाल येईल, त्याने तुला पाहिले आहे. डॉक्टरांनी विचारले तर तोच सांगेल. आणि एक गोष्ट, जी तुला मी जन्मभर उलटी शिकवली: तिथे ताठ उभा राहू नकोस. कोणी मोठा माणूस आत आला तरी उठू नकोस. लागेल तिथे आधार धर. कमी दाखवायची सवय त्या एका सकाळपुरती घरी ठेव. हे ढोंग नव्हे. तू इतके दिवस केलेस ते ढोंग होते, आणि ते माझ्यासाठी होते.

मुनव्वर


खालापूर
शुक्रवार, ३० जानेवारी

प्रिय झुहेब,

लुबनाने तिच्या सासूला फोन करून सांगितले की तू अर्ज केलास आणि तारीखही मिळाली. तुझी अम्मी तेव्हापासून ज्याला त्याला चहा पाजते आहे.

आज सकाळी मी तहसील कचेरीत जाऊन रेशनकार्डावरचे तुझे नाव कमी करून आणले. काम फारच लवकर झाले. वास्तविक त्या कचेरीत कोणतेही काम लवकर होत नाही. हेच तेवढे झाले. तुझे, लुबनाचे आणि इल्माचे अशा तीन नावांवर एका सरळ रेघेत काट मारली गेली, आणि कारण लिहिले ‘विभक्त’. मी सही केली. अक्षर नेहमीसारखे आले नाही. लिपिक म्हणाला, “मास्तर, सही जुळायला पाहिजे,” म्हणून पुन्हा केली.

तू जन्मलास त्या आठवड्यात याच कचेरीत मी तुझे नाव चढवायला गेलो होतो. त्यावेळी मला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या.

तपासणीच्या दिवशी मी इथेच राहीन. पहाटेच्या नमाजात तुझ्यासाठी मागेन. पाठ तुमच्याकडे असली तरी ते मागता येते.

मुनव्वर


खालापूर
रविवार, १५ फेब्रुवारी

प्रिय झुहेब,

काल आपण भेटलो, तरी आज हे लिहितो आहे. घरी परतल्यावर जमाल म्हणाला, “आता पत्र कशाला? तोंडावर बोललात की.” त्याला मी म्हटले की एक गोष्ट राहिली, ती झुहेबला ठाऊक असणे शक्यच नाही.

पण आधी व्यवहाराचे. तुझा दाखला बेचाळीसचा आला, हे जमालने मला फोनवर सांगितले तेव्हा मी वर्गात पहिल्या आलेल्या मुलाच्या बापासारखा आळीभर फिरलो. इंदूबाईंना सांगितले. त्यांचे अजून झालेले नाही, तरी त्या म्हणाल्या, “चला, कोनीतरी नीट नापास झाला.” नंतर घरी बसून तोच दाखला मी जमालच्या मोबाईलवर वाचला, आणि खाली ‘तात्पुरता’ असा शब्द दिसला. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. मोडलेले हाड पाच वर्षांनी मन बदलेल, अशी शासनाला आशा असावी. त्यावेळी मी असेन-नसेन. जमालला सांगून ठेवले आहे.

अनुदानाचे प्रकरण समितीपुढे जाईल. अक्षय म्हणतो, होईल. मी त्याला विचारले, रमजान चार दिवसांवर आला आहे, झुहेबला महिनाभर घरी आणले तर चालेल का? तो म्हणाला, “पाव्हना म्हनून येऊ द्या गुरुजी. पन मुक्काम नको. चौकशीला कोनी आलं न् म्हनाला चूल येकच, तर सगळं परत पयल्यापासून.” पुढे जेव्हा तू म्हणशील की आता येतो अब्बा, तेव्हा मलाच तुला सांगावे लागेल की येऊ नकोस. काल तू ते वाक्य उच्चारण्याच्या बेतात होतास, आणि मी मुद्दाम इल्माला तिच्या शाळेचे विचारले. ते तुझ्या लक्षात आले असेल, तर कारण हे.

आता राहिलेली गोष्ट.

काल तुझ्या दारात पाय ठेवला तेव्हा तू खिडकीपाशी खुर्चीत होतास, मांडीवर कोणाचा तरी उघडलेला मोबाईल. मला पाहताच तुझे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. लहानपणापासून मी खोलीत आलो की तू उठतोस. मी दारातच थांबलो. तू माझ्याकडे पाहिलेस, हात पुन्हा मांडीवर घेतलेस आणि बसूनच म्हणालास, “या अब्बा.” मला ‘या’ म्हणणारी माणसे पुष्कळ भेटली. मुलाने न उठता केलेले ते पहिलेच स्वागत, आणि तुझ्या हातून माझा एवढा मान यापूर्वी कधी राखला गेला नव्हता.

मग असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. जमालने चटया पसरल्या आणि रिवाजाप्रमाणे पुढची माझ्यासाठी ठेवली. मी म्हटले, आज झुहेब पुढे होईल. तू म्हणालास, “मी बसून पढतो अब्बा, तुम्ही उभे राहणार. असं कसं?” मी सांगितले की आमच्या मजहबात बसलेल्या इमामामागे उभ्या माणसांची नमाज होते, यात कोणालाही शंका असेल तर मी किताब काढून दाखवीन. जमाल म्हणाला, “किताब र्‍हाऊ द्या भाई, वेळ जाईल.” आणि तुझी खुर्ची उचलून त्याने पुढे ठेवली.

तू पुढे होतास, म्हणून तुला हे दिसले नाही. मला दिसले.

तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला आहे. सदऱ्याची शिवण पाठीवर तिरकी पडते; लुबनाने ती एका बाजूने आत घेतली आहे. रुकूसाठी तू पुढे झुकलास तेव्हा डाव्या हाताने मांडी घट्ट धरलीस, आणि बोटांची पेरे पांढरी झाली. पाऊल जमिनीला पुरते टेकत नाही; चवडा खाली झुकून चटईवर नुसता ठेवल्यासारखा राहतो, आणि टाचेखाली इल्माने की लुबनाने, कोणी ते मला ठाऊक नाही, एक घडी केलेला टॉवेल ठेवला होता. मानेवर मागे केस पांढरे झाले आहेत. हे कधी झाले, ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या रकातीत, नमाजाच्या दुसऱ्या आवर्तनात, तुझ्या श्वासाची लय बदलली. जमालला ती परिचयाची असावी, कारण तो नकळत अर्धे पाऊल तुझ्याकडे सरकला. मग त्याच्या लक्षात आले की तू बसलेला आहेस, आणि तो पुन्हा सफेत आला.

त्या नमाजात माझे चित्त नमाजात नव्हते. आयुष्यभर मी इतरांना त्यासाठी रागावलो. ती पुन्हा पढावी का, असा प्रश्न रात्री मनात आला होता. मी पढलो नाही.

सलाम फिरवताना तुझा चेहरा आधी उजवीकडे वळला, मग डावीकडे, आणि डावीकडे मी होतो. तेवढ्या क्षणात तू मला विचारल्यासारखे पाहिलेस. टेंपोत विचारले होतेस तोच प्रश्न असावा, असे मला वाटले. त्याचे उत्तर द्यायला उशीर झाला आहे, तरी देतो.

होय झुहेब. काल पाहिले.

तुझा वडील,
मुनव्वर